कर्णे नवे हायत, तसंच लिवा

ती घटना आजही आठवली, की आधी मला माझाच राग येतो आणि मग बरं वाटतं.

तेव्हा मी पुणे शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तेवढ्यात सदाशिव पेठेतले एक व्यापारी तावातावाने आत आले. परदेशातून जुने फोनोग्राफ विकत घ्यायचे, इथे दुरुस्त करून घ्यायचे आणि पुन्हा परदेशातल्याच शौकिनांना पाठवायचे, हा त्यांचा धंदा. फोनोग्राफ म्हणजे ग्रामोफोनच्याही आधीचं यंत्र. त्यात तबकडी नसते, मेणाची नळी फिरते आणि कर्ण्यातून आवाज येतो. त्यांनी पाठवलेला असा एक नग गिऱ्हाइकाने ‘बनावट’ म्हणून परत धाडला होता.

“मी अस्सल माल मिस्त्रीकडे दिला होता. त्याने तो ठेवून घेतला आणि हे डबडं माझ्या गळ्यात मारलं.”

“तुमची खात्री आहे ना?”

“अहो, तीस वर्षं हेच करतोय. आपण चोर पकडा, पारख माझ्यावर सोडा.”

गुन्हा दाखल झाला. मिस्त्री लोणी काळभोरचा. दोन दिवसांत खबऱ्याने सांगितलं, की त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पितळी कर्णे लपवलेत. मला वाटलं, झालं काम. हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. चार कर्णे मिळाले. लपवलेले वगैरे काही नव्हते, खुंटीला टांगलेले होते, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दारात मिस्त्रीची म्हातारी आई उभी होती. “माझ्या पोरानं काय केलं, सायेब?”

“ठाण्यात आल्यावर कळेल,” मी तोडून बोललो. निम्मी आळी जमली होती. त्या घराला चोरीचा डाग कधी लागला नव्हता, तो मी त्या दिवशी सगळ्यांदेखत लावला.

पंचनाम्यात आम्ही पोलीस सोन्याला सोनं म्हणत नाही. पारख आमचं काम नव्हे, म्हणून ‘पिवळ्या धातूची अंगठी’ असं लिहितो. त्याच सवयीने हवालदारांनी लिहिलं, ‘पिवळ्या धातूचे, जुने दिसणारे कर्णे, नग चार.’ वाचून दाखवलं, तसा मिस्त्री पुढे आला.

“जुने दिसणारे न्हाई. नवे हायत, तसंच लिवा. म्या ह्याच उन्हाळ्यात बनवल्यात. ज्यांचा कर्णा चेपलाय त्यास्नी लावून देतो. आत माझी खूण ठोकली हाय, कुणी फसू नये म्हणून.”

“तू गप उभा राहा,” हवालदार म्हणाले.

मी कर्ण्यात हात घातला. खूण बोटाला लागली. बनावट माल जुना म्हणून खपवणारा त्यावर स्वतःची खूण कशाला ठोकेल? हा गृहस्थ ‘नवे’ लिहा म्हणून पोलिसांशी वाद घालत होता. तरीही मी त्याला जीपमध्ये बसवलंच.

ठाण्यात दोन तास उलटसुलट विचारलं. जबाब बदलला नाही. “यंत्र असंच आलं हुतं. मालकास्नी सांगितलं, नकली हाय. ते म्हनले, मिस्त्री हायस, मिस्त्रीच राहा.”

मुद्देमालातला फोनोग्राफ मागवला. त्याने तो उलटा केला. “स्क्रू बघा. डोक्यावर अधिकच्या चिन्हावानी फुली हाय. ह्या यंत्राच्या काळात असला स्क्रूच नव्हता, एकच सरळ खाच असायची.”

“ते तूच बसवले असशील.”

त्याने यंत्र सरळ करून टेबलावर ठेवलं. संध्याकाळी त्याला घरी सोडलं, पण स्क्रू माझ्या डोक्यातून जाईनात. यंत्र विकणारा परदेशी माणूस आधी फोटो पाठवत असेलच की. दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं आणि व्यापाऱ्यांना त्यांच्याच मोबाइलमधले फोटो उघडायला लावले. माल पुण्यात येण्याआधीचा, यंत्राच्या तळाचा फोटो सापडला. मोठा करून बघितला. प्रत्येक स्क्रूवर तीच फुली.

व्यापाऱ्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. “म्हणजे मीच फसलो,” ते हळू आवाजात म्हणाले.

“असले नग आपल्याच देशात बनत्यात,” मिस्त्री म्हणाला. “तिकडं जात्यात आन् जुने हुऊन परत येत्यात.”

व्यापारी लबाड नव्हते. आपली पारख चुकली हे त्यांना पचलं नव्हतं, इतकंच. माझं तरी काय वेगळं होतं? गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून मी कोर्टात प्रकरण बंद करणारा ‘क’ समरी अहवाल पाठवला. पुढे नोकरी संपेपर्यंत प्रत्येक पंचनामा मी समोरच्याला वाचून दाखवला आणि विचारलं, “यात काही चुकलंय का?” त्या एका प्रश्नाने मला पुष्कळ वेळा वाचवलं.

मिस्त्रीने भरपाई मागितली नाही, तक्रारही केली नाही. एवढंच म्हणाला, “कोर्टाचं कोर्टात. माझ्या आईला तुम्ही येऊन सांगा. तवापास्नं तिनं उंबरा ओलांडला न्हाई.”

मी गणवेश घालूनच गेलो. आळी पुन्हा जमली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, “आजी, तुमच्या मुलाने काही केलेलं नाही. चूक माझी आहे.”

म्हातारीने मला निरखून बघितलं. “येवढं सांगाया आलास?”

“हो.”

“मंग हात धू. भाकरी झालीया.”

आणि अख्ख्या आळीसमोर, स्वतः उंबऱ्याबाहेर येऊन, तिने मला ओसरीवर ताट वाढलं. तिने हाकलून दिलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं. त्या माउलीचे उपकार आहेत माझ्यावर.