मोटारीचा टेप

माझ्या नवऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात तीन तऱ्हेचे टेप असायचे, आणि आमची निम्मी भांडणं त्या डब्यावरून झाली. साधा काळा टेप घरातल्या वायरींना. लाल, पिवळा, निळा तीन फेज ओळखायला. आणि जाड रबरी टेप फक्त बोअरमधल्या मोटारीच्या जॉइंटला. तो ताणून गुंडाळला की स्वतःलाच चिकटून एकजीव होतो, आत पाण्याचा थेंब शिरत नाही. एवढा गुण ऐकल्यावर मी तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला लावला. त्यात माझं काय चुकलं, हे मला आजही पटलेलं नाही.

"काहून वं, बरणी का बोअरमंधी सोडाची हाय?" हे म्हणाले. मग समोर बसवून शिकवलंच. आधी वायर कोरडी पुसायची, टेप निम्मा रुंद राहीपर्यंत ताणायचा, दर वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचा, वरून काळा टेप. पुढेही कधी मी काही गुंडाळलं की अंगठ्यानं दाबून म्हणायचे, "सैल हाय." सगळ्या संसारात एकदाही 'बरं झालं' म्हटलं नाही या माणसानं.

हे जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात धान पोटरीत आलं, लोंब्या निघायच्या बेतात होत्या, आणि मोटार जळली. आंधळगावच्या मिस्त्रीनं पाइप वर काढले. ह्यांनी केलेला जॉइंट जसाच्या तसा होता.

"नवी मोटार जोडाची तं हा कापा लागते, काकू," तो म्हणाला.

मी धानाच्या भेगा पडलेल्या बांधीकडे पाहिलं आणि काप म्हटलं. आतलं तांबं कोरडं, लख्ख निघालं. मला रडू आवरेना.

मिस्त्रीनं पिशवीतून काळा टेप काढला. त्याच्याजवळ रबरी नव्हताच. नुसत्या काळ्यावर मोटार पाण्यात सोडली असती तर तीही गेली असती, आणि धानही. मी घरून डबा आणला.

"सरक, मीच करतो," मी म्हटलं.

माझं झाल्यावर त्यानं जॉइंट अंगठ्यानं दाबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घट्ट हाय. कोनापासून शिकल्या?"

"भांडून."

पाणी आलं, धान वाचलं. पुढे कैऱ्या आल्यावर लोणचं घातलं. डब्यात रबरी टेप अजून थोडा होता. बरणीला मी कापडच बांधलं.