स्वल्प

आमच्या घरी 'स्वल्प' हा शब्द कानडीतल्यासारखा, थोडंसं या अर्थी, पंगतीत चालायचा. भात स्वल्प वाढ, तूप स्वल्प. आत्याच्या तोंडी तो सारखा असे. माझी अक्का या आत्याच्याच घरी सून म्हणून गेली होती. बेंगळुरातल्या आमच्या जुन्या मराठी घरांतून मुलगी अशी आत्याकडे देत. परक्यांत पडत नाही, म्हणत. मला परके बरे वाटतात.

अक्काच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आमची आई नव्हती. इस्पितळात सोबतीला आत्या आणि मी. तिथे कळा असह्य झाल्या की पेथिडिनची सुई देत. दुखणं पुरतं जात नाही, पण दोन कळांच्या मधे बाईचा डोळा लागतो. नर्सनं हे सांगितल्यापासून अक्का त्या सुईचीच वाट पाहत होती.

बाहेर पुरुषमंडळी बसलेली. आवाज जाऊ नये म्हणून आत्यानं अक्काच्याच पदराचा बोळा तिच्या तोंडात दिला होता. दुपारी तो बाजूला करून अक्कानं माझं मनगट धरलं.

"सुई द्यायला सांग," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई आल्या तशी मी सांगितलं. त्यांनी थोरली म्हणून आत्याकडे पाहिलं आणि कानडीत विचारलं, फार दुखतंय का.

"स्वल्प," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे हनुवटी उडवून, "ही पुस्तकं वाचते. हिलाच द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. सासूपुढे अक्का ओठ आवळून पडली होती, खाटेवरून आवाज येत नव्हता, त्यांना पटलं. त्या गेल्या, बोळा परत आत गेला. मूल व्हायला रात्र पडली.

काही वर्षांनी अक्का तापानं गेली. तेराव्याला आलेल्या बायकांना आत्या डोळे पुसत सुनेचं कौतुक सांगत होती. बाळंतपणात हूं नाही की चूं नाही, सुईसुद्धा लागली नाही. बायका माना डोलवत होत्या. आत्याची मुलगी तिथेच भिंतीला टेकून बसली होती, तिचे दिवस भरत आलेले. ती लक्ष देऊन ऐकत होती.

मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्कानं सुई मागितली होती. तुझ्या आईनं मिळू दिली नाही. तू सोबतीला दुसरं कुणी ने."

आत्यानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्यात काही कमी पडलं नाही, स्वल्पसुद्धा नाही.