सायकल जड करून घेणाऱ्या बाई

सायकलीच्या धंद्यात माझा उभा जन्म गेला. या जन्मात लोक माझ्याकडे एकच रडगाणं घेऊन आले, "चाचा, सायकल जड चालते, जरा हलकी करून द्या." उलटं रडगाणं घेऊन आलेलं माणूस मी एकच पाहिलं. त्या म्हणजे आमच्या बाई. "मिस्त्री, सायकल हलकी चालते, जरा जड करून द्या."

बाई म्हणजे गणिताचा क्लास घेणाऱ्या बाई. कोथरूडमध्ये ज्या गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, तिच्या एका टोकाला त्यांची सोसायटी आणि दुसऱ्या टोकाला क्लास. साठीच्या जवळ आलेल्या, अंगाने भरलेल्या, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. सायकल लेडीज, काळी, बास्केटवाली. पहिल्यांदा आल्या त्या पंक्चर काढायला. आता माझ्या हातात आलेली सायकल मी नुसतं पंक्चर काढून परत देत नाही, ती माझी रीत नाही. चेन वाळवंटासारखी कोरडी होती, तिला तेल पाजलं. एक्सल उघडून छर्रे धुतले, नवं ग्रीस भरलं, चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढला. सायकल अशी झाली की फुंकर मारली तर चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानासमोर हजर. मला वाटलं, कौतुक करायला आल्या.

"अहो मिस्त्री, काय करून ठेवलंत हे? दोन पायडल मारली तर क्लास आला!"

"मग चांगलं झालं की बाई."

"चांगलं काय झालं? माझा व्यायाम बुडाला. वर्षभर मी त्या चेनला तेलाचा थेंब लागू दिला नव्हता. तुम्ही एका दुपारीत सगळं पाण्यात घातलंत. काढा ते तेल."

मी म्हटलं, "बाई, भाजीत पडलेलं मीठ आणि चेनीत गेलेलं तेल निघत नाही."

"भाजीत बटाटा घालतात. तुमच्यात काय घालतात ते तुम्ही बघा."

अशी आमची ओळख झाली.

बाईंना साखर निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज घाम येईपर्यंत व्यायाम करा, नाहीतर सुया टोचून घ्यायची तयारी ठेवा. बाई सुईला घाबरायच्या. गणिताला आख्खं कोथरूड घाबरतं, त्या गणिताला न घाबरणारी बाई सुईला घाबरायची. पण व्यायामाला वेगळा वेळ काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांचं म्हणणं, माणूस कामाला जातो, त्यातच व्यायाम झाला पाहिजे. "घर ते क्लास चार मिनिटं. चार मिनिटांत घाम येत नाही, नुसते केस विस्कटतात."

मी म्हटलं, "टेकडीवर फिरायला जात चला."

"टेकडीवर सगळे निवृत्त लोक भेटतात आणि आपापली साखर सांगतात. माझी मला पुरे आहे."

"मग जिम लावा. तिथे सायकल असते."

"जागची न हलणारी सायकल? पैसे मोजून मी तिथेच राहायचं? आणि क्लासला कोण जाणार, तुम्ही?"

मी चौथीतून शाळा सोडली. पण शाळेत राहिलो असतो तरी या बाईंपुढे मला उत्तर सुचलं असतं असं वाटत नाही.

सायकल हलकी झाल्यावर बाईंनी आपले उपाय सुरू केले. बास्केटमध्ये वरवंटा ठेवला. कॅरिअरवर गाइडांचा गठ्ठा बांधला, त्यातली निम्मी जुन्या अभ्यासक्रमाची, म्हणजे नुसती वजनाला. गल्लीतून सरळ जायचं सोडून मागच्या टेकडीच्या रस्त्याने वळसा घ्यायला लागल्या. तो चढ उभा आहे. कॉलेजची पोरं गिअरच्या सायकली घेऊन तिथे जीभ बाहेर काढतात. बाई वरवंट्यासकट चढायच्या. वर पोचल्या की सायकलवरून उतरायच्या आणि पलीकडचा सगळा उतार सायकल हातात धरून चालत यायच्या. मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "उतार फुकटचा असतो मिस्त्री. फुकटचं मी घेत नाही."

वाटेत कोणी कळवळून विचारायचं, "पंक्चर का हो, बाई?"

"नाही. तत्त्व."

यात माझं काय गेलं, असं तुम्ही म्हणाल. माझं नाव गेलं! आमच्या उस्तादांनी शिकवलेलं आहे, सायकल उलटी करून चाक फिरवलं की ते लगेच मरता कामा नये. थांबताना झुललं पाहिजे, मागे-पुढे, पाळण्यासारखं. ज्याच्या हातचं चाक झुलतं तो मिस्त्री, बाकीचे हवा भरणारे. माझ्या हातचं चाक झुलतं. एवढंच माझ्याकडे आहे. दुकान म्हणाल तर पत्र्याचं, त्यावर पाटीसुद्धा नाही. लोक नाव सांगत येतात.

आणि ती माझ्या हातची सायकल भर रस्त्यात ढकलत नेली जात होती. एका सकाळी समोरच्या टपरीवरचा चहावाला अण्णा चार लोकांत ओरडला, "चाचा, तुमच्या हातची सायकल म्हणे उताराला पण चालत नाही! ढकलावी लागते!" लोक हसले. अण्णाकडे मी चहा बंद केला. तशी सवय फार दिवसांची होती, डोकं दुखलं, पण केला बंद.

संध्याकाळी बाईंना अडवलं. म्हटलं, "बाई, तुमचा व्यायाम होतो आणि माझी अब्रू जाते. एक तर उतारावर बसून या, नाहीतर दुसरा मिस्त्री बघा."

बाईंनी विचार केला. "तुमचं म्हणणं रास्त आहे," म्हणाल्या. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कॅरिअरच्या मागे पुठ्ठा बांधलेला, त्यावर फळ्यावर लिहितात तशा ठळक अक्षरात: 'सायकल ठणठणीत आहे. ढकलणारीही ठणठणीत आहे. विचारपूस करू नये. मिस्त्रीला दोष देऊ नये.'

आधी निदान लोकांना मिस्त्रीची आठवण तरी होत नव्हती. आता जो तो गाडी हळू करून पाटी वाचायचा आणि विचारायचा, "कोण हो मिस्त्री?" बाई खरं बोलणाऱ्या. दुकान कुठे आहे ते खुणेसकट सांगायच्या. आठवड्याभरात दोन पेन्शनर माझ्याकडे आले, "आम्हालाही बाईंसारखी करून द्या." मी त्यांना हाकललं. म्हटलं, इथे सायकली बऱ्या होतात, आजारी पाडल्या जात नाहीत.

बाईंनाही मी नाही म्हणत होतो. त्यांची एकच मागणी, मागचा ब्रेक आवळून ठेवा, रिमला घासत राहू दे. मी म्हणायचो, रिम झिजेल. त्या म्हणायच्या, रिम माझी आहे. मी म्हणायचो, नाव माझं आहे. असा महिना गेला. शेवटी त्यांनी ते काम दुसरीकडे, मोटारसायकलींचं पंक्चर काढणाऱ्या एकाकडून करून घेतलं. त्या पठ्ठ्याने ब्रेक असा आवळला की चढावर बाईंचा घाम निघाला, आणि रबराचा निघाला धूर. सायकल माझ्याकडे आली तेव्हा रिमकडे बघवेना. एका बाजूला खोल चर, मधे दोन तारा तुटलेल्या. माझा रक्तदाब वाढला. खोटं नाही सांगत, स्टुलावर बसून पाणी प्यालो.

बाई पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात बोलल्या. "चुकलं माझं. पण मिस्त्री, परवा रिपोर्ट आला. साखर उतरली आहे. जरा उरली आहे. आता सोडून चालणार नाही."

सुई आणि बाईंच्या मधे माझी सायकल उभी होती. रात्री जेवताना माझा घास हातातच राहायचा. बायको म्हणाली, "त्या बाईंच्या सायकलीचा एवढा विचार करता, माझ्या गुडघ्याचा कधी केलात का?" तिचंही खरं होतं. पण गुडघ्याला मी पाना लावू शकत नाही.

मग एकदम सुचलं. डायनामो! पूर्वी सायकलला असायचा तो, बाटलीसारखा. टायरला टेकवला की फिरतो आणि पुढे दिवा लागतो. आता पोरांना दाखवला तर परफ्यूम आहे का विचारतील. डायनामो टेकला की चाक जड होतं, हे ज्यांनी चालवली त्यांना माहीत आहे. पण तो इज्जतीचा जडपणा. त्यात काही बिघडलेलं नसतं, चाक काम करत असतं. जुन्या पेटीतून एक काढला, साफ केला, बसवला. बाई चक्कर मारून आल्या. कपाळावर घाम होता.

"बरा आहे," म्हणाल्या. पुण्यात याच्या वर कौतुक नाही. मग म्हणाल्या, "मागच्या चाकाला पण एक बसवा."

तेव्हापासून बाई भर उन्हात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावून क्लासला जायच्या. प्रत्येक स्कूटरवाला हात हलवून सांगायचा, "अहो काकू, लाइट चालू आहे!"

"दिसतंय मला. त्यासाठीच लाइट असतो."

पाटी निघाली. उतारावर चालायचं मात्र सोडलं नाहीच, पण आता दिवे बघण्यात लोक उतार विसरले. अण्णाने स्वतः होऊन चहा आणून दिला आणि विचारलं, "चाचा, हे काय लावलंत? झकास दिसतं." मी चहा घेतला. लगेच नाही, निवू दिला थोडा.

दोन-तीन वर्षं बरी गेली. सुया टळल्या. मग बाईंची सोसायटी पुनर्विकासाला निघाली. सगळे जिकडेतिकडे पांगले, बाई कात्रजला बहिणीजवळ निघाल्या. क्लासही तिकडेच. जायच्या आदल्या दिवशी सायकल घेऊन आल्या. हवा भरून घेतली, जी त्या कधी पुरती भरू द्यायच्या नाहीत. मी म्हटलं, "तिकडे मिस्त्री आहे का कोणी?"

"असेल. नसला तर घडवू."

"बरं."

"बरं मग."

एवढंच बोलणं झालं. मी मान खाली घालून एका फ्रीव्हीलचे छर्रे मोजत बसलो, ते आधीच मोजलेले होते. नंतर महिनाभर दुकानात सगळे शहाणे लोक आले. हलकी करा म्हणाले, करून दिली, गेले. भांडायला कोणी नाही. अण्णासुद्धा म्हणाला, "चाचा, तुम्ही हल्ली फार गोड बोलता. तब्येत बरी आहे ना?"

मग एके दुपारी फोन आला. अनोळखी आवाज, तरुण. "चाचा, मी कात्रजवरून बोलतोय, माझं सायकलचं दुकान आहे. एक मॅडम आल्या आहेत. घर आणि क्लास एकाच कंपाउंडमध्ये आहे म्हणतात, सायकलला काही कामच पडत नाही, अजून जड करा. दोन डायनामो आधीच आहेत. मी म्हटलं, मॅडम असं काही नसतं. तर म्हणतात, असतं, आख्ख्या पुण्यात एकाच माणसाला नीट जड करता येतं, त्यांना विचारा. तुमचा नंबर दिला. काय करू, ब्रेक आवळू?"

ज्या नावासाठी मी चहा सोडला, पेन्शनर हाकलले, ते माझं नाव कात्रजपर्यंत पोचलं होतं, आणि पोचलं होतं ते असं! दुसरा कोणी असता तर फोन आपटला असता. मी ओरडलो, "हात लावायचा नाही! ब्रेकला हात लावलास तर बघ! घासून घासून जड करायला अक्कल लागत नाही. मी येतो."

दुकानाचं दार ओढून घेतलं, पाने पिशवीत टाकले आणि बस धरली. तिथे पोचलो. मागचं मोठं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, काढून सगळ्यात कमी दात्यांचं लहान बसवलं. पायडलला भार आला, आणि रिमला, चेनीला, कोणाला इजा नाही. तो कात्रजचा पोरगा बघत राहिला. मी चाक फिरवून त्याला दाखवलं, की बघ, जड केली तरी झुलतं. बाई शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"मिस्त्री, तुम्ही बसने आलात?"

"मग काय चालत येऊ?"

"सायकलचे मिस्त्री आणि बसने! लोक काय म्हणतील? नाव कोणाचं जाईल?"

झालं. 'नाव' हा शब्द मला झोंबला. बाईंना ठाऊक होतं कुठे टोचायचं, स्वतः सुईला घाबरत असल्या तरी. तेव्हापासून मी महिन्यातून एक रविवार कोथरूडहून कात्रजला सायकलवर जातो. या वयात. बायको म्हणते, वेड लागलं. डॉक्टर म्हणतो, चालू ठेवा. माझी सायकल माझ्या हातची आहे, लोण्यासारखी जाते, चढावर पोरांच्या बाजूने निघतो तेव्हा पोरं वळून बघतात.

गेल्या रविवारी पोचलो तेव्हा बाई खाली कंपाउंडमध्येच उभ्या होत्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्या कोरड्या कपाळाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्या सायकलीकडे बघत राहिल्या.

"फार लवकर आलात, मिस्त्री," म्हणाल्या.

मी पिशवीतले पाने घट्ट धरले आणि सायकलीच्या पुढे आडवा उभा राहिलो.