इंग्लंडातलं घर मी बघितलं

इंग्लंडात स्वयंपाकघरात घोडा बसतो, ही माहिती पाटोद्याच्या पाहुण्यांना मीच दिली.

त्याचं असं झालं. माझी नात प्रज्ञा, नर्स. तिला पाटोद्याच्या पोराचं स्थळ आलं. पोरगं इंग्लंडात नोकरीला, सुट्टीवर आलेलं. आता आमची रीत अशी, की पोरगी द्यायची तर आधी घर बघून यायचं. चूल कुठं, पाणी कुठं, सगळं. पण इंग्लंडला जाणार कोण? (मांजरसुंब्याच्या पुढं गाडीत मला मळमळतं.)

तेवढ्यात बघते तर प्रज्ञा टीव्हीवर काहीतरी इंग्रजी लावून बसलेली.

"काय गं हे?"

"तिकडचं हाय, आजी. त्यांचं बोलणं कानावर पडावं म्हणून बघते."

झालं. शेंगा सोलायला घेतल्या नि तिच्या शेजारी ठाण मांडलं. इंग्रजी मला येत नाही, पण घर बघायला भाषा कशाला लागते?

आणि काय घर होतं! टेबलाशी घोडा, चष्मा लावून पेपर वाचतोय. म्हातारी फ्रिजमध्ये राहते, आतूनच दूध हातात देते. जिना चढलं की वर थेट समुद्र. आणि कुणाला त्याचं काही नाही. घोड्याला विचारतात, चहा घेणार का. आमच्या गल्लीत नुसतं गाढव शिरलं तर दुपारपर्यंत पंचायत बसते. मी थक्क. मधूनच पुष्कळ माणसं हसायची, पण दिसायची नाहीत. मी समजले, शेजार चांगला आहे.

पाहुणे आले. पोरगं, त्याची आई, मामा. सगळ्यांपुढं फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या ताटल्या ठेवल्या नि घरातली मोठी म्हणून मी विचारायला बसले.

"बाकी समदं पसंत हाय. घोड्याचं तेवढं सांगा. त्याचा चहा पोरीनं करायचा का तुमी करता?"

पोराचा घास थांबला. त्याची आई म्हणाली, "कसला घोडा?"

"स्वयंपाकघरातला. आन् फ्रिजमधल्या आजी तुमच्या का घरमालकाच्या?"

"आमची कुणी आजी न्हाई फ्रिजमदी."

"लपवू नका बाई, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हातारीला गारव्यात ठेवता, चांगलंच हाय की. मला उन्हाळ्यात कुणी विचारत न्हाई."

बाई उठल्याच. भावाला म्हणाल्या, "चल रे. चेष्टा लावलीय आपली."

सुनेनं कपाळाला हात लावला. प्रज्ञा तोंडात ओढणी कोंबून भिंतीकडं बघत होती. नातीचं चांगलं स्थळ मी बोलून घालवलं.

"आई, बस," पोरगं म्हणालं. त्याला हसू आवरेना. "आजी, ती सिरियल व्हती. समदं खोटं. तिकडं लोकांना कळलीच न्हाई, म्हणून लगेच बंद पडली."

"कावून? मला कळली की."

प्रज्ञाची ओढणी सुटली. ती हसली, पोरगं हसलं, मग दोघं एकमेकांकडं बघून जे हसत सुटले ते थांबेनात. मामा म्हणाला, "आक्का, बस आता. ठरलंच म्हणायचं."

मी मात्र वेगळ्याच विचारात. खोटं होतं, तर कुणाच्या डोक्यातून निघालं? घोड्याला चष्मा सुचायला केवढं डोकं लागत असेल! आणि असली सिरियल बंद केली त्यांनी.

विहीणबाईंनी मानपान काही मागितला नाही. एकच अट घातली, तीही माझ्यासमोर: "पोरीला म्हणंल तवा माहेरी धाडू, पण आजीला तिकडं न्यायचं न्हाई."

आमच्या घरच्यांनी ती इतक्या झटकन मान्य केली, की माझा चहासुद्धा निवला नव्हता.