मोहोर न घेणारे चाचा

आमच्या बांधावरच्या रायवळ आंब्याचा मोहोर विकून मी राजा होणार होतो.

गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. कर्जतपासून सायकलनं अर्ध्या तासावर आमचं गाव. दर चैत्रात हनुमान जयंतीला तिथं नाटक व्हायचं, आणि त्या वर्षी राजाची भूमिका मला मिळाली होती. आवाजच असा होता, की मी अंगणात "कोण आहे रे तिकडे!" म्हटलं की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून बसायची. अडचण एकच. ड्रेपरीवाला, म्हणजे पडदे आणि पोशाख भाड्यानं देणारा, पैसे आधी मागत होता. आणि राजा व्हायला टपून बसलेला दुसरा एक जण मंडळात होताच, भातगिरणीवाल्याचा मुलगा. त्यानं भर बैठकीत सांगून टाकलं, "पोशाखाचं मी बघतो. पण मग राजा मी." मला माघ संपेपर्यंत मुदत मिळाली.

आई म्हणाली, "बांधावरचा आंबा औंदा तुझा. काय करायचं ते कर."

कर्जतच्या बाजारात फळांचा धंदा करणारे एक चाचा होते. डोक्यावर टोपी, पांढरी दाढी, सायकलच्या हँडलला कायम एक पिशवी. गावोगावची झाडं ठरवून घ्यायचे आणि आंबा कल्याणला पाठवायचे. इतर व्यापारी मोहोरावरच झाड घेत, तसे हेही घेत असणार असं धरून मी त्यांना बांधावर घेऊन आलो.

झाडाखाली मी जे भाषण केलं, तसं पुढं कुठल्याच रंगमंचावर जमलं नाही. हात फैलावून मी त्या झाडाचा इतिहास सांगितला, रस सांगितला, वासही सांगितला. चाचांनी शांतपणे झाडाला एक फेरी मारली, मोहोराचा एक तुरा बोटांत चोळून हुंगला आणि म्हणाले, "झाड झकास हाय. पन मी घेऊ काय?"

"आंबा घ्या, चाचा!"

"कुठं हाय आंबा?"

"येणार ना!"

"कोन सांगतंय?"

"मी सांगतोय."

"तू अल्ला हायस काय रं?"

शेजारी वालाच्या शेंगा तोडणारी आई फिस्सकन हसली.

मी भाव निम्म्यावर आणला. चाचांनी मान हलवली. मी निम्म्याचं निम्मं केलं. तेव्हा मात्र ते दोन पावलं मागंच सरकले.

"भावाची गोष्ट नाय रं पोरा. आमच्या पैगंबरसाहेबांनी मना केलंय. फळ रंगावर आल्याबिगर त्याचा सौदा करायचा नाय. मोहोर गळला तर माजे पैसे तू फुकट खाल्लेस. लय धरला तर मी तुला लुटलं. दोघांतला एक जन रडतच घरी जानार. पाड लागू दे, चार आंबे झाडावर पिवळे दिसू देत, मग बोलव. येतो."

राजेपद हातचं जात होतं. मी चिडून म्हणालो, "मोहोर गळायची भीती वाटते म्हणून धर्म आठवला होय?"

"ए!" आई ओरडली.

चाचा रागावले नाहीत. "भीती वाटते तर," म्हणाले, "पन गळायची नाय." आणि सायकल काढून गेले.

खोपोलीकडचा एक व्यापारी दोन दिवसांनी गावात येणार होता. त्याला झाड द्यावं, असं मी आईपुढं काढलं.

"घेनारा म्हनतो मला पाप लागंल," आई म्हणाली, "आन तू पाप घेनारा दुसरा शोधतोस? पाड लागेस्तवर झाडाला हात लावायचा नाय."

"झाड माझं म्हणालीस ना गं?"

"झाड तुझं. अक्कल माझी."

झालं! गिरणीवाल्याचा मुलगा राजा झाला आणि मी भालदार. मला एकच वाक्य होतं, राजा येत असल्याची ललकारी. ती मी इतकी लांबवली, की लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा मागितली. तीनदा दिली. राजा बिचारा विंगेत ताटकळत उभा होता. पुढच्या रांगेत बसलेले चाचा हसून हसून डोळे पुसत होते.

वैशाखात झाड अक्षरशः वाकलं. पाड लागल्यावर मी निरोप धाडला. चाचा आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि आपणहून किंमत बोलले. माघात मी सगळ्यात आधी मागितले होते, त्याच्या दुप्पट!

"चाचा, मी तर निम्म्याच्या निम्म्याला देत होतो."

"ठाऊक हाय. मोहोर चोळला तवाच कळलं होतं, औंदा झाड वाकनार. त्या दिशी इथनं निघालो, तर सैतान कॅरिअरवर बसून होता. फिर मागं, फिर मागं, म्हनत."

"मग?"

"मग चढ लागला. त्याला म्हटलं, उतर आन ढकल. तो कशाला ढकलतोय!"

त्या पैशांत मी स्वतःचा मखमली अंगरखा शिवून घेतला, मुकुट करून घेतला आणि पुढच्या चैत्रात राजा झालो. पडदा पडल्यावर घामाघूम होऊन मागं आलो, तर चाचा उभे होते.

"कसा झाला राजा?"

चाचांनी अंगरख्यावरून हात फिरवला. "मखमल झकास हाय."

"आणि राजा?"

त्यांनी तोच झाडाखालचा चेहरा केला. "खरं सांगू? भालदार लय चांगला होतास."

मागं उभी असलेली आई पुन्हा फिस्सकन हसली.

पुढच्या वर्षी मी मुकुट गिरणीवाल्याच्या मुलाला भाड्यानं दिला आणि भालदाराची काठी परत घेतली. मुकुटाचा एक मणी सैल होता. तो त्याला आधी दाखवला.