नंदाचा उजवा हात

हे मी माझ्या बायकोला सांगितलं नाही, आईला नाही, देवापुढं हात जोडूनही कधी उच्चारलं नाही. आज तुमच्यापुढं तोंड उघडतोय. कितपत जमेल, ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोयनेच्या प्रकल्पावर वायरमन होतो. त्याआधी, सदुसष्ट साली, मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या खोलीची भिंत पडली आणि मी आत होतो. पण ते कारण मी इथं पुढं करणार नाही. भिंती कितीतरी जणांवर पडल्या. त्यांनी काय माझ्यासारखं केलं?

आई कवठे महांकाळहून चार दिवस राहायला आली होती. नंदा, आमची एकुलती एक, सहा वर्षांची. तिच्या हट्टापायी रविवारी आम्ही चौघं एसटीनं साताऱ्याला संग्रहालय बघायला गेलो. तलवारी पाहिल्या, चिलखतं पाहिली. एवढं लोखंड अंगावर घालून माणसं पळायची कशी, असं नंदानं विचारलं. मी म्हणालो, शूर माणसं पळत नाहीत.

हो, असंच म्हणालो.

जवळच एका हॉलमध्ये कुणी शाळामास्तर आकाशातले तारे दाखवत होते. खिडक्यांना काळं कापड, मधोमध पत्र्याचा गोळा, त्याला बारीक भोकं पाडून आत दिवा. आम्ही बाकावर ओळीनं बसलो—आधी मी, मग नंदा, मग माझी बायको सुमन, शेवटी आई. दिवे मालवले आणि छतभर चांदण्या उमटल्या. नंदा अंधाराला भ्यायली. तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि माझी दोन बोटं मुठीत धरली. मास्तर ध्रुवाचा तारा दाखवत होते.

तेवढ्यात जमीन गुरगुरली.

फार नाही. बाकं करकरली, पत्र्याचा गोळा हलला, छतावरच्या सगळ्या चांदण्या एकदम एका बाजूला गेल्या. कुणीतरी ओरडलं. आणि मी—

सांगतो. थांबा.

नंदाची मूठ घट्ट झाली होती. मी बोटं ओढली, सुटली नाहीत. मग दुसऱ्या हातानं तिची मूठ उकलली. एकेक बोट. कळत नव्हतं असं म्हणू? कळत होतं. ती माझी लेक आहे, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मूठ सुटली तसा मी बाकांवरून, माणसांवरून वाट काढत दारावरच्या काळ्या पडद्याकडं धावलो, दार ढकललं आणि उन्हात आलो. सगळ्यांच्या आधी.

धक्का तेवढ्यात थांबलाही होता. माझ्यामागून लोक बाहेर पडत होते. त्यांत आमची माणसं दिसेनात, तेव्हा मी आत गेलो. मास्तरांनी दिवा लावला होता. नंदा दोन बाकांच्या मध्ये पडलेली. कुणाचा तरी पाय तिच्या कोपरावर पडला होता. ती रडतही नव्हती.

आई सुमनवर कडाडली, "पोरीचा हात धरता येत न्हाई व्हय गं तुला?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. "आवं, तुमच्याकडं हुती न्हवं ती?"

एवढंच विचारलं तिनं. आणि मी म्हणालो, "मी दार उघडाय पळालो. तिला तुझ्याकडं दिली हुती की."

सुमननं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. अंधार होता, गोंधळ होता, आणि मी खोटं बोलेन असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. तिनं ते खरं मानलं.

कोपराचा सांधाच मोडला होता. हात पुढं कधी सरळ झाला नाही. गावाकडं आई सांगत फिरली की, माझ्या लेकानं दार उघडलं म्हणून माणसं वाचली. मी ऐकून घ्यायचो. सुमन मात्र बाजारात, जत्रेत नंदाचं मनगट असं आवळून धरायची की वळ उठायचे. पुढं लग्नासाठी नंदाला बघायला पाहुणे आले, हाताचं निघालं, तेव्हा मी काही बोलायच्या आत सुमन म्हणाली, "माझ्या हातनं झालं त्ये. पोरीत काय खोट न्हाई." मी पाहुण्यांना चहा दिला.

आणि नंदा? मूठ कुणी उकलली, तिला ठाऊक नसेल? तिनं मला कधी विचारलं नाही. मीही तिला नाही.

तीन वर्षांपूर्वी सुमन गेली. शेवटच्या आजारात नंदा सासरहून येऊन राहिली होती. एका दुपारी सुमननं तिचा तो वाकडा हात जवळ ओढला आणि म्हणाली, "मी सोडला गं तुला त्या दिवशी. मनात ठिवू नगंस."

नंदानं आईच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मग आईकडं वळून ती हळूच म्हणाली, "तू न्हाई सोडलास, आई."

सुमनला वाटलं, लेक समजूत घालतेय. ती मान हलवत राहिली. खोलीत तिघंच होतो. बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मी म्हणालो, "औषधाला पाणी कोमट करून आणतो," आणि स्वयंपाकघरात गेलो. पाणी उकळलं तरी मी तिथंच उभा होतो. परत आलो तेव्हा सुमनचा डोळा लागला होता. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही.