पिशवीतल्या पांढऱ्या टोप्या

हिवाळ्यात दर रविवारी सकाळी तो लोकांना अमरावतीबाहेरच्या तलावावरची पाखरं दाखवायला नेई, तेही फुकट. बांध चढण्याआधीच तो हात पुढे करी. "टोपी द्या न भाऊ. पांढरं दिसलं का पाखरं उडून जातेत." सगळ्यांच्या टोप्या त्याच्या पिशवीत जात. पुढे तो फक्त कुजबुजे. कोणी खोकलं तर त्याचा चेहरा असा उतरे, की त्याच्याजवळ श्वास घ्यायचीही मला धास्ती वाटायची.

त्या रविवारी समोरच्या लव्हाळ्यात त्याला आणि मला बंदुकीची नळी दिसली. चक्रवाकांचा थवा निवांत तिकडेच पोहत चालला होता. तो ताडकन उठला आणि पिशवीतल्या टोप्या दोन्ही हातांनी फडकवत बेंबीच्या देठापासून ओरडला. सगळा थवा उडाला. बार झाला, पण उशिरा, रिकाम्या पाण्यावर.

"इतक्या दूर आणलं, अन् पाह्याले काहीच ठेवलं नाही," लोक कुरकुरले. नळी त्यांना दिसलीच नव्हती. त्यानंही सांगितलं नाही. त्यानं टोप्या परत केल्या. मग मला बाजूला घेऊन, पुन्हा कुजबुजत, विचारलं, "माहा आवाज त्या पाखराइच्या ध्यानात राहीन का हो?"